लॅमिनेशन केलेले पैलवान

तिसगावला बाजारतळाच्या कडेला, नगर-पाथर्डी रस्त्यावर फैयाज शेखचं पंक्चरचं दुकान आहे. पाटी अजून वडिलांच्या वेळची आहे, ‘फक्रुद्दीन सायकल मार्ट’. आत मात्र विकायला एकही सायकल नाही. एखादा नवखा माणूस पाटी वाचून आत डोकावला, तर फैयाज त्याला सांगतो की पाटी वडिलांची, पंक्चर माझं. वडिलांनी झाडाखाली पंप घेऊन सुरुवात केली आणि मार्ट उभं केलं, आपण त्या मार्टाचा पुन्हा पंप करून दाखवला, हेही तो न विचारता सांगतो.

लोकांनी हसायच्या आधी आपण हसून घ्यायचं, ही त्याची जुनी रीत. आणि हसण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. मध्यंतरी त्यानं कोंबड्या पाळल्या. उन्हाळ्यात त्यांना त्रास होऊ नये म्हणून शेडवर फवारणीच्या पंपाचे नळ जोडून स्वतःच्या डोक्यानं पाण्याची सोय केली. कोंबड्या उन्हातून वाचल्या आणि सर्दीनं गेल्या. त्यानंतर मोटारसायकलला ट्यूबलेस टायर आले, तेव्हा हे फॅड पुण्यापर्यंतच राहील, आपल्या भागातल्या बाभळीच्या काट्यापुढं ते टिकायचं नाही, असं भर चावडीत ठासून सांगून त्यानं ट्यूबांचा भला मोठा माल भरला. त्या ट्यूबा अजून माळ्यावर आहेत. पोरं त्यातली एखादी घेऊन विहिरीवर पोहायला जातात.

आयुष्यात एकच गोष्ट त्यानं शेवटास नेली होती, असं त्याचं मत होतं. ती म्हणजे पत्ते.

हे पत्ते राजा-राणीचे नव्हेत, पैलवानांचे. तो शाळेत होता तेव्हा चघळायच्या गोळीच्या पाकिटात एकेक पत्ता निघायचा. त्यावर परदेशी पैलवानाचा फोटो, आणि खाली त्याची उंची, वजन, छाती, दंड, किती कुस्त्या मारल्या आणि सगळ्यांत त्याचा नंबर कितवा, हे सगळं छापलेलं. दोघांनी निम्मे निम्मे पत्ते वाटून घ्यायचे. ज्याची पाळी त्यानं आपल्या वरच्या पत्त्यावरचा एक आकडा बोलायचा, ‘वजन’ म्हणा, ‘दंड’ म्हणा. ज्याचा आकडा मोठा त्याला दोन्ही पत्ते. नंबराच्या बाबतीत तेवढं उलटं, तिथं लहान आकडा जिंकायचा. मधल्या सुट्टीत, तासाला, मदरशात, जिथं दोन पोरं आणि एक कोपरा मिळेल तिथं हा खेळ चालायचा. पुढं बाकीची पोरं मोठी झाली. कुणी फौजेत गेलं, कुणी कारखान्यावर, कुणी कोयता घेऊन ऊसतोडीला. फैयाजनं पत्ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले. आपण तेवढे मोठे व्हायचे राहिलो, असं तो म्हणायचा. सगळा संच त्याच्याजवळ होता, फक्त एक नंबरचा पत्ता नव्हता. लांब केसांचा, हात पसरून उभा असलेला तो एक नंबरचा पैलवान त्याच्या गोळीतून कधी निघालाच नाही. ज्याच्या हाती एक नंबर असेल त्यानं नुसतं ‘नंबर’ म्हणायचं. समोर कुणी का असेना, गेलाच. ते एकदा आपल्या तोंडून म्हणायचं राहून गेलं, ही खंत बायकापोरांच्या माणसानं कुणाला सांगायची, म्हणून त्यानं ती कुणाला सांगितली नव्हती.

गेल्या वर्षी डब्याला जरा ओल लागली. तेव्हा फैयाज सगळे पत्ते घेऊन शेजारच्या बिभीषणच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि एकेका पैलवानाला आधार कार्डासारखं लॅमिनेशन करून आणलं. बिभीषणनं हौसेनं कडा कातरल्या, कोपरे गोल केले. कातरताना एका पैलवानाचा अंगठा गेला, पण आता पुरात टाकले तरी यांना काही होणार नाही, असं दोघांचंही मत पडलं.

आणि यंदा दिवाळीनंतर हुमेराचा, म्हणजे त्याच्या मुलीचा मोबाईलवर निरोप आला. ती नगरला फार्मसी शिकते. सावेडीच्या एका मंगल कार्यालयात जुनी नाणी, नोटा, तिकिटं, काडेपेटीचे छाप आणि कार्डं जमवणाऱ्यांचं प्रदर्शन भरणार होतं. अदलाबदल आणि विक्रीही होती. जाहिरातीखाली हुमेरानं हसरं तोंड टाकून लिहिलं होतं, ‘अब्बा, तुमच्यासारखे अजून आहेत.’

फैयाजला ते हसरं तोंड दिसलंच नाही. त्या आठवड्यात त्यानं मोबाईलवर नको ते शोधलं. परदेशात कुण्या खेळाडूचं जुनं कार्ड एवढ्या किमतीला गेलं होतं की त्यात तिसगावचा बाजारतळ गुरांसकट आला असता. पंक्चर काढता काढता तो मनातल्या मनात नवा कॉम्प्रेसर घेऊ लागला. मग दुकानाला शटर बसवलं. घराच्या स्लॅबपर्यंत तो आला, तेव्हा समोरच्या गिऱ्हाइकानं सांगितलं की पंक्चर मागच्या चाकाला आहे.

प्रदर्शनवाल्यांना त्यानं फोन केला तो दुकानातूनच, आणि मोठ्यानं. शेजारी आक्काबाईचा चहाचा गाडा. तिच्या कानावर पडलं ते एवढंच, की नगरला पत्त्यांचा मोठा कार्यक्रम आहे, लांबलांबून माणसं येणार आहेत, आणि फैयाज सगळं घेऊन चालला आहे. आक्काबाई मनानं चांगली बाई. तिनं तासाभरात ही गोष्ट मुमताजच्या कानावर घातली.

फैयाजच्या घरात दखनी बोलतात. पण मुमताजला खरा राग आला की ती मराठीवर यायची. तिचं माहेर मिरीचं, सगळा शेजार मराठी, आणि भांडायचं शिक्षण तिचं शेजारातच झालेलं. त्या दिवशी फैयाज जेवायला घरी आला, आणि ती मराठीत बोलली.

“नगरला पत्ते खेळायला चाललाव म्हनं.”

“खेळायला न्हाई. दाखवायला.”

“आपले पत्ते कुनी दुसऱ्याला दाखवतं का?”

प्रश्न बरोबर होता. त्यानं डबा काढून तिच्यापुढं ठेवला, पैलवान दाखवले, जाहिरात दाखवली. मुमताजनं सगळं पाहिलं आणि मी बरोबर येणार, एवढंच सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यानं जपलेल्या डब्यात उघड्या अंगाचे पुरुष असतील, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

निघायच्या दिवशी फैयाजनं आदल्या रात्रीच रॉकेल आणि साबण लावून नखांतला काळा मळ घासला होता, तो बराचसा निघाला नाही. अंगात त्यानं पुतण्या आवेजच्या लग्नात शिवलेला कोट चढवला. बाजारपेठेतला मोठा माणूस वाटलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. कोट शिवल्यापासून तो दोन बोटं सुटला होता, त्यामुळं बटण लागत नव्हतं; ते न लावणं हीच हल्लीची पद्धत आहे, असं त्यानं मुमताजला सांगितलं. तिनं भाकरी, बेसन आणि मिरचीचा ठेचा बांधून घेतला. एसटीत बसल्यावर डबा मांडीवर धरून फैयाज ताठ बसला. करंजीच्या घाटात गाडी वळली की तो आधी डबा सावरायचा, मग मुमताजकडं बघायचा. तिनं ते दोनदा पाहिलं आणि पिशवी मधे ठेवून दिली.

माळीवाड्याच्या स्टँडवरून रिक्षानं दोघं सावेडीत पोचले. कार्यालयाच्या दारात आरती नावाची एक बाई टेबल टाकून बसली होती. बँकेत नोकरी, काडेपेटीचे छाप जमवायचा नाद, आणि हे प्रदर्शन तिनंच चार जणांना गोळा करून भरवलेलं. तिनं विचारलं, बघायला आलात की मांडायला? फैयाजनं कोटाच्या खिशात हात घातला आणि आधी बघतो, मग ठरवतो, असं सांगितलं. हे वाक्य त्यानं घाटात तयार केलं होतं.

आत आदल्या दिवशीच्या लग्नाच्या खुणा तशाच होत्या. स्टेजवर झेंडूच्या माळा सुकून लोंबत होत्या आणि नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या मधोमध होत्या. खाली टेबलांच्या रांगा. कुणी तांब्याची नाणी मांडली होती, कुणी एसटीची जुनी तिकिटं, कुणी खेळण्यातल्या छोट्या मोटारी. एका बाजूला कॉलेजची मुलं चकचकीत नव्या पत्त्यांभोवती उभी होती, त्यांवर रंगीत राक्षस होते. प्रत्येक पत्ता जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद. हात लावू नये, अशी पाटी जिथं तिथं. हात लावायचाच तर पांढरे हातमोजे होते. फैयाजनं एक हातमोजा घालून पाहिला. तो अंगठ्याशी अडला आणि मग निघेचना. मुमताजनं ओढला तेव्हा तो उलटा होऊन निघाला, आतल्या बाजूला काळी बोटं उमटली होती. तिनं तो सुलटा करून हळूच परत ठेवला.

पैलवानांचे पत्ते काकासाहेबांच्या टेबलावर होते. नाव ऐकून कुणी म्हातारा असेल असं वाटावं, पण हा माणूस चाळिशीचा, श्रीरामपूरचा. पाळण्यातच काकासाहेब झालेला. जुन्या पत्त्यांची खरेदी-विक्री हाच त्याचा धंदा. टेबलाच्या मधोमध, छोट्या दिव्याखाली, पारदर्शक पेटीत तो उभा होता. लांब केस, पसरलेले हात. एक नंबर.

फैयाजनं डबा काखेत सावरला. मग घसा साफ करून, आपल्याकडेही थोडाफार माल आहे, असं म्हणाला. काकासाहेबांचे डोळे चमकले. खेड्यापाड्यांतल्या अशाच डब्यांतून खरा माल निघतो, असं म्हणत त्यानं टेबलावर मऊ कापड पसरलं, हातमोजे चढवले, भिंग काढलं. आजूबाजूचे दोन-चार जण जवळ आले. फैयाजनं मुमताजकडं एकदा बघून घेतलं आणि झाकण उघडलं.

काकासाहेबांनी वरचा पत्ता उचलला. उलटा केला. मागं निळ्या शाईत ‘फै’ असं लिहिलेलं होतं. शाळेत पत्ते चोरीला जायचे म्हणून त्यानं सगळ्यांवर लिहिलं होतं. काकासाहेबांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. हळूहळू त्यानं भिंग खाली ठेवलं.

“लॅमिनेशन कुणी केलं?”

“आमच्या बिभीषणनं,” फैयाज अभिमानानं म्हणाला. “गरम मशीनवर. आता पाण्यात टाकले तरी काही व्हायचं न्हाई.”

काकासाहेब चांगला माणूस होता. तो हसला नाही. त्यानं खालच्या आवाजात समजावून सांगितलं, की जमवणाऱ्याला पत्ता छापला तसा लागतो. कोपरा न मोडलेला, कडा न कातरलेली. एकदा उष्णतेनं प्लॅस्टिक चिकटलं, की आतला कागद सुटा होत नाही. काढायला गेलं तर चित्र निघून येतं. पाकिटातून निघाले तसे राहिले असते तर या संचासाठी लोकांनी आपल्या टेबलापुढं रांग लावली असती. आता याला बाजारात काही नाही. एवढं बोलून त्यानं अंगठा कापलेला पैलवान अलगद डब्यात ठेवला.

फैयाज हसला. सगळ्यांच्या आधी हसला. म्हणाला, “म्हंजे बिभीषणाचं नाव खोटं न्हाई. घरभेदी निघालाच.” आजूबाजूचे हसले, तसा तो अजून हसला. पण त्याचे कान तापले होते, आणि मुमताजला ते दिसलं. कोंबड्या मेल्या त्या दिवशीही तो असाच हसत हसत खड्डा खणत होता.

ती काकासाहेबांना म्हणाली, “मंग ह्ये तुमचे पत्ते, ह्यांनी खेळायचं कसं?”

खेळायचं नाही, ठेवायचं, असं त्यानं सांगितलं.

“नुसतं ठेवायचं?”

“हो भाभी.”

मुमताजनं त्या पेट्यांकडं एकदा नजर फिरवली, डब्याचं झाकण लावलं आणि नवऱ्याला म्हणाली की भूक लागली.

स्टेजच्या पायरीपाशी खुर्च्या ओढून दोघांनी भाकरी सोडली. फैयाज बोलत होता. कॉम्प्रेसर आपण मनात घेतलाच होता, तो परत कुठं करायचा, असं काहीबाही. एरवी तो असं बोलायला लागला की मुमताज गप्प बसवायची. आज तिनं डबा उघडला आणि वरचा एक पत्ता उचलून विचारलं, ह्यो कोन? तिच्या बोटांना ठेचा लागला होता. फैयाजचा जीव वर आला, आणि लगेच लक्षात आलं की आता जीव वर यायचं काही कारण उरलं नाही. तिनं पदरानं पत्ता पुसला. प्लॅस्टिक स्वच्छ झालं.

त्यानं तिला खेळ समजावला. पत्ते वाटले. मुमताज शेळ्या पाळते, बोकड विकते. बाजारात ती आधी जनावराच्या छातीवर हात ठेवते, मग बाकीचं बघते. तिनं पहिलाच पत्ता बघून ‘छाती’ म्हटलं आणि फैयाजचा पैलवान गेला. पुन्हा छाती, पुन्हा गेला. फैयाजनं सांगितलं की दरवेळी छातीच म्हणायची नसते, पत्ता बघून काय मोठं आहे ते बोलायचं. ती म्हणाली, “जितंय तवर बोलू द्या की.” थोड्याच वेळात फैयाजच्या हातात दोन पत्ते उरले. ज्या खेळात आपण शाळेत हार मानली नव्हती, तो भाकरी खाता खाता बायकोनं जिंकला, हे त्यानं मोठ्यानं जाहीर करून टाकलं; लपवण्यात अर्थ नव्हता, मागं लोक उभे होते.

राक्षसांच्या पत्त्यांपाशी असलेली कॉलेजची मुलं आली होती. नाण्यांवाले आले होते. एका बँकेच्या साहेबानं कमरेवर हात ठेवून, हे आम्ही शाळेत खेळायचो, असं सांगितलं. मुमताजनं पत्ते त्याच्या हातात दिले. साहेब क्षणभर घाबरले आणि हातमोजे शोधू लागले. फैयाज म्हणाला, “घ्या सायेब. पान्यात टाकले तरी काय व्हत न्हाई.” साहेबांनी खुर्ची ओढली. ते हरले. त्यांची बायको बसली, तीही हरली. मग मुलांनी रांग धरली. सबंध कार्यालयात हात लावता येतील असे पत्ते एवढेच होते.

गर्दी वाढली तसं मागच्यांना दिसेना. तेव्हा आरतीनं दोघांना स्टेजवर चढवलं. स्टेजवर खुर्च्या होत्या त्या दोनच, लाल मखमलीच्या. एकीवर मुमताज बसली, पदर नीट करून. दुसरीवर खेळायला येणारा बसणार, म्हणून फैयाज कोट घालून तिच्या खुर्चीमागं उभा राहिला. खालून एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं की मागं उभा तो नवऱ्याचा बाप का, आणि फैयाजला ते ऐकू आलं. त्याचं काम एवढंच उरलं होतं, पत्ते पिसायचे आणि ज्याला चष्म्याशिवाय दिसत नाही त्याला आकडा वाचून दाखवायचा. संचाचा मालक कोण, हे कुणी विचारलं नाही. भाभींशी खेळायला माझा नंबर कधी, एवढंच प्रत्येक जण विचारत होता.

शेवटी काकासाहेब आला. टेबलावर गिऱ्हाईक उरलं नव्हतं, सगळे इकडं होते. तो स्टेजच्या पायरीवर जरा घुटमळला आणि म्हणाला की धंदा सुरू केल्यापासून आपण खेळलोच नाही. बसला, आणि दोन-चार डावांत तो बाकीच्यांसारखाच ओरडायला लागला. मग मधेच उठून खाली गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात ती पारदर्शक पेटी होती. त्यानं चारी कोपऱ्यांचे बारके स्क्रू काढले. हा एका डावापुरता घालतो, असं तो म्हणाला.

कार्यालयात गलका थांबला. एक नंबरचा पत्ता फैयाजच्या हातात आला. कागदाचाच होता, हलका, कडा करकरीत. त्यानं काळी बोटं न टेकवता तळहातांत धरून तो बाकीच्यांत मिसळला. त्यानं पत्ते वाटले. मुमताजनं आपली थप्पी उचलली. तिच्या मागं उभा असल्यानं फैयाजला तिचा वरचा पत्ता दिसला. लांब केस. पसरलेले हात. आणि पाळी तिची.

आता तिनं फक्त ‘नंबर’ म्हणायचं होतं. शाळेपासून जे आपल्या तोंडून म्हणायचं राहिलं, ते तिच्या तोंडून ऐकायला तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. खुणावणं खेळाच्या नियमात बसत नव्हतं. नियम त्यानंच सगळ्यांना सांगितले होते.

मुमताजनं पत्ता नीट पाहिला आणि म्हणाली, “छाती.”

काकासाहेबांनी आपला पत्ता उलटला. एक बेढब, टकलू, पोटाच्या वळ्या कमरपट्ट्यावर आलेला पैलवान होता तो, सगळ्यांत खालच्या नंबराचा. पण छाती त्याची म्हणजे पाण्याची टाकी. एक नंबर गेला.

सगळ्या कार्यालयातून एकच सुस्कारा निघाला. मुमताजनं एक नंबरच्या पैलवानाकडं पाहिलं आणि फैयाजकडं मान वळवून म्हणाली, “एवढं नाव सांगत व्हते, आन छाती एवढीच?”

फैयाजला हसू आलं. हे हसू लोकांच्या आधी हसून घ्यायचं नव्हतं. ते पोटातून आलं, आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खुर्चीमागं तो वाकून हसत राहिला. कोटाच्या काखेतली शिवण उसवल्याचा आवाज आरतीपर्यंत गेला, असं ती नंतर म्हणाली. काकासाहेबही हसत होता. त्यानं एक नंबर परत पेटीत घातला, पण स्क्रू लावायची घाई केली नाही. जाताना त्यानं डब्यातल्या लॅमिनेशन केलेल्या पत्त्यांवरून एकदा हात फिरवला, आणि हे असेच ठेवा, असं सांगितलं. त्याचा अर्थ फैयाजनं विचारला नाही.

निघता निघता दाराजवळच्या टेबलापाशी फैयाज थबकला. पारनेरचे सूर्यभान नावाचे एक वयस्क गृहस्थ पितळी बिल्ले मांडून बसले होते. पूर्वी सायकलला कर असायचा, आणि कर भरला की ग्रामपंचायत हा बिल्ला द्यायची. तो सायकलच्या दांड्याला अडकवायचा. प्रत्येक साली नवा. फैयाजनं विचारलं, हे पण जमवतात? सूर्यभान म्हणाले, शहरांचे मिळतात, लहान गावांचे शोधून सापडत नाहीत. कुणी जपलेच नाहीत.

फैयाजच्या वडिलांकडं भाड्यानं द्यायच्या सायकलींची रांग होती. जुने बिल्ले दुकानामागच्या घमेल्यात पडलेले असायचे. ते मूठमूठ उचलून भंगारवाल्याला कोण घालायचं आणि आलेल्या पैशांत पैलवानांच्या गोळ्या कोण घ्यायचं, हे त्याला लख्ख आठवत होतं. त्यानं ते तिथल्या तिथं सूर्यभानना सांगून टाकलं. जे जपायचं ते आपण भंगारात घातलं, त्याची गोळी चघळली, आणि गोळीचा कागद जन्मभर सांभाळला. सूर्यभान इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी एक बिल्ला पुढं केला आणि बदल्यात एक पैलवान मागितला. डाव त्यांनी पायरीवर बसून पाहिला होता, नातवंडांना दाखवायचा म्हणाले. फैयाजनं डबा उघडला. सूर्यभानांनी नेमका तो टकलू उचलला.

“त्यो न्हाई द्यायचा,” मुमताज म्हणाली.

शेवटी अंगठा कापलेला पैलवान पारनेरला गेला. फैयाजच्या आयुष्यातली ती पहिली अदलाबदल.

परतीच्या गाडीत मुमताजला खिडकीपाशी जागा मिळाली. घाट येईपर्यंत ती कोण कसं हरलं ते सांगत होती, दखनीत. फैयाज उसवलेली काख दाबून धरून ऐकत होता. बिल्ला त्यानं घरी गेल्यावर दुकानातल्या जुन्या कॉम्प्रेसरला तारेनं बांधला. कॉम्प्रेसर त्यामुळं सुधारला नाही. गिऱ्हाईक विचारतं, हे काय आहे, आणि चाक खोलेपर्यंत फैयाज त्याला नगरची सगळी हकीकत ऐकवतो. तिच्यात दरवेळी तो स्वतः अजून थोडा जास्त फजीत झालेला असतो.

महिन्याभरानं, फैयाज घरच्या अंगणात असताना, आरतीचा फोन आला. पुढच्या वर्षी एक टेबल पक्कं ठेवते, येणार ना? फैयाज खुशीत म्हणाला, येणार म्हणजे काय, नक्की येणार. त्यावर आरती अगदी आदरानं म्हणाली, “फैयाजभाई, भाभींना विचारून सांगता का?”

त्यानं फोन कानापासून लांब धरला आणि घराकडं तोंड करून हाक मारली.